ताईबाई बरी शे

तोताराम आबांची बायको भाद्रपदात वारली, आणि फाल्गुनात पारोळ्याच्या एका लग्नात भर पंगतीत एका बाईनं त्यांना विचारलं, "आबा, एकटेच? ताईंना का नाही आणलं?"

विचारणारी बाई वेडी नव्हती आणि थट्टाही करत नव्हती. जळगावची होती, मेहरूणला राहणारी, ज्योत्स्ना नावाची. नात्यागोत्यात कुठेच नाही. ताईबाईचे स्वयंपाकाचे व्हिडिओ ती मोबाइलवर बघायची, आणि एका व्हिडिओत आबा मागे खाटेवर पेपर वाचत बसलेले दिसले होते, तेवढ्यावरून तिनं त्यांना ओळखलं. "कालच बोलल्या माझ्याशी," ती कौतुकानं सांगत होती. "मी विचारलं, ताई, तब्येत कशी? तर म्हणाल्या, गुडघा दुखस, बाकी बरी शे."

आबांनी बट्टी चुरून ठेवली होती, वरणाची वाट बघत होते. तिथल्या तिथे सांगून टाकायला हवं होतं, की बाई, ती गेली, भाद्रपदातच गेली. पण तोंडून काय निघालं? "तिले जरा बरं नही." झालं. बायकोच्या मरणानंतर सहा-सात महिन्यांनी नवऱ्यानंच तिला आजारी पाडून घरात झोपवून ठेवलं. आबा भरल्या ताटावरून उठले. आहेर देऊन ते तडक स्टँडवर आले आणि धुळ्याची गाडी पकडली.

गाडीत बसल्यावर त्यांचं लक्ष रस्त्याकडेच होतं, पण ती सवय. तोताराम आबा म्हणजे एसटीचे ड्रायव्हर. उभा जन्म धुळे डेपोत गेला. शिरपूर म्हणू नका, साक्री म्हणू नका, कुठल्या कुठल्या खेड्यांत मुक्कामी गाडी घेऊन जायचं, तिथंच पडायचं, पहाटे गाडी घेऊन परत. देवपुरात त्यांनी दोन खोल्यांचं घर बांधलं, तेही ताईबाईनं उभं राहून बांधून घेतलं. पोरगा कुंदन कधी चालायला लागला, कधी शाळेत गेला, हे त्यांना तिनंच सांगितलं. माणूस सरळ. व्यसन नाही, भांडण नाही, उगाच कुणाच्या अध्यात-मध्यात नाही. पण बोलणं म्हणाल तर तोंडाला कुलूप. एसटीत पाटी असते ना, चालकाशी बोलू नये म्हणून? ताईबाई म्हणायची, यांनी ती पाटी घरीही आणून लावली आहे.

ती मात्र बोलघेवडी. गल्लीतल्या बायकांशी बोलायची, भाजीवाल्याशी बोलायची, कुणी नसलं तर चुलीवरच्या भाकरीला दटावायची. रिटायर झाल्यावर आबा घरी बसले तेव्हा तिला वाटलं, आता तरी दोन शब्द बोलतील. आबांनी पेपर लावला. सकाळी पेपर वाचायचा, दुपारी तोच पुन्हा वाचायचा.

मग कुंदनचं लग्न झालं आणि घरात मेघा आली. मेघाची आई ती लहान असतानाच गेली होती, मावशीकडे वाढलेली पोर. आल्यापासून सासूच्या मागे-मागे. कुंदन जळगावला कंपनीत, शनिवारी यायचा नि सोमवारी पहाटे जायचा, म्हणजे बापासारखाच म्हणा. दोघी बायका दिवसभर घरात. एकदा ताईबाई कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी थापत होती आणि सुनेला शिव्या घालत शिकवत होती. मेघानं गंमत म्हणून ते मोबाइलवर घेतलं आणि टाकून दिलं. लोकांनी डोक्यावर घेतलं हो! भाकरीपेक्षा शिव्याच जास्त आवडल्या. मग चॅनलच काढलं, नावही अहिराणीच, 'ताईबाईनी चूल'. कॅमेऱ्यामागून मेघा विचारणार, समोरून ताईबाई उत्तर देणार. वांग्याचं भरीत, शेवभाजी, खापरावरचे मांडे. लोक खाली लिहायचे, मेघा वाचून दाखवायची आणि ताईबाई सांगेल ते टाइप करायची. कुणाला पोर होत नाही, कुणाची सासू छळते, कुणाच्या घरात नुकतंच कुणी गेलंय. ताईबाईकडे सगळ्यांसाठी काहीतरी असायचंच.

आबांनी त्यातला एकही व्हिडिओ पाहिला नाही. त्यांचं म्हणणं साधं होतं, जी बाई समोर बसलेली आहे तिला मोबाइलमध्ये कशाला बघायचं?

भाद्रपदात गौरी गेल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ताईबाई मोरीजवळ कपडे पिळता पिळता बसली ती उठलीच नाही. दवाखान्यात नेईपर्यंत खेळ आटोपला होता. दहावं झालं, गंधमुक्ती झाली, दारावर येणारे येऊन गेले. आबा रडले नाहीत. मेघाही रडली नाही. लोक म्हणाले, पोर मोठी खंबीर आहे.

ती खंबीर वगैरे काही नव्हती. ताईबाईच्या मोबाइलमध्ये घेऊन ठेवलेले, अजून न टाकलेले बरेच व्हिडिओ होते. एके दिवशी दुपारी मेघानं त्यातला एक टाकला. का टाकला, तिलाही सांगता यायचं नाही. लगेच खाली लोकांची रीघ लागली. ताई, कुठे होतात? ताई, घर सुनं वाटत होतं. एकीनं विचारलं, ताई, बऱ्या आहात ना? मेघानं लिहिलं, बरी शे.

तिथून सगळं सुरू झालं.

हे सारं आबांना लग्नाहून आल्यावर कळलं. त्यांनी चपला काढायच्या आत विचारलं, "मेघा, तुझ्या सासूच्या नावानं लोकांशी कोण बोलतं?"

मेघा पीठ चाळत होती. ती खोटं बोलली नाही. चाळणी खाली ठेवली आणि म्हणाली, "मी."

"मेलेल्या माणसाच्या नावानं?"

"आबा, लोक आईंना विचारतात. काय सांगू मी त्यांना?"

"गेली म्हणून सांग. जे झालं ते सांग."

"मग संपलंच की." मेघानं पिठाचे हात झटकले. "तिकडे मी उत्तर द्यायला बसते ना, तेव्हा मला कळतं आई काय म्हणाल्या असत्या. कानात ऐकू येतं. एरवी नाही येत. आणि घरात बोलायला आहे कोण, आबा?"

हे शेवटचं आबांना लागलं. मेघानं मोबाइल त्यांच्यासमोर धरला. म्हणाली, एकदा बघा तरी. आबांना नाही म्हणता येईना. पडद्यावर ताईबाई पाट्यावर मिरच्या वाटत होती. पदर खोचलेला, कपाळावर घाम. मागून मेघाचा आवाज, आबांना काय आवडतं? ताईबाई हसली आणि म्हणाली, "मन्हा घरना माणूस बोलस कमी नि खास जास्ती. पन सांगू का? तो ताट धुई पुसी खास ना, तेच मन्हं कौतिक शे." बोलतो कमी, खातो जास्त, पण ताट धुऊन-पुसून खातो, हेच तिचं कौतुक.

आबा उठले आणि मागच्या दारी जाऊन उभे राहिले. बाई जगाला हे सांगत होती, आणि ते तिथंच खाटेवर पेपरमागे बसले होते. त्यांनी पुढचा व्हिडिओ पाहिला नाही. त्यांच्यानं बघवेना.

पण खरी तळमळ वेगळीच होती, आणि ती आखाजी जवळ यायला लागली तशी वाढत गेली. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, पण आपल्या खानदेशात तिचं मोल दिवाळीहून कमी नाही. त्या दिवशी घरोघरी गेलेल्या माणसांच्या नावानं पाण्याची घागर भरतात, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवतात, आणि दुपारी निखाऱ्यावर तूप नि पुरणपोळीचा घास घालून त्यांना जेवायला बोलावतात. त्याला आगारी म्हणायचं. ताईबाईच्या नावाची ही पहिली घागर. आबांच्या मनानं घेतलं, की जी बाई रोज हजार लोकांत बरी शे, बरी शे म्हणत फिरते आहे, ती पितरांच्या पंगतीला येणार कशी? इकडचे तिला सोडत नाहीत, तिकडचे ओळखणार नाहीत. बिचारी मधल्यामध्ये उभी राहील. आयुष्यभर नवऱ्याची वाट बघत उंबऱ्यात उभी राहिली, आता मेल्यावरही उभीच. हसू नका. ज्याचं माणूस जातं त्यालाच ठाऊक, रिकाम्या डोक्यात काय काय येतं ते.

कुंदनला सांगून पाहिलं. तो म्हणाला, "राहू द्या ना आबा, तिचं मन रमतंय." शनिवारी येणाऱ्या माणसाला सोमवारचं काय कळणार?

मग आबा हिलालकडे गेले. हिलाल म्हणजे त्यांच्या गाडीचा कंडक्टर, सगळी नोकरी दोघांनी एकत्र काढलेली. हिलालला मोबाइलमधलं बरंच कळायचं, निदान त्याला तसं वाटायचं. तो म्हणाला, "तोताभाऊ, सोपं शे. पेपरात निधनाची बातमी देतो तशी त्या चॅनलवरच देऊन टाकू. लोकांना कळेल, विषय संपेल."

मेघा बाजाराला गेली होती. ताईबाईचा मोबाइल फडताळात चार्जिंगला लावलेला होता. आबांनी तो काढून आणला तेव्हा स्वतःच्याच घरात चोरी केल्यासारखं वाटलं. हिलालनं ताईबाईचा हार घातलेला फोटो शोधला आणि मजकूर आबांनी सांगितला. जसा सांगायचा असतो तसा. आमच्या सौभाग्यवती ताईबाई तोताराम पाटील यांना गेल्या भाद्रपदात देवाज्ञा झाली, सर्वांनी लोभ ठेवला त्याबद्दल आभारी आहोत, शोकाकुल तोताराम पाटील व परिवार. हिलालनं बटण दाबलं. आबांनी हात जोडले. खूप दिवसांनी त्यांना मोकळा श्वास आला.

तो श्वास किती टिकावा? चहा होईपर्यंतसुद्धा नाही. मेघानं आदल्याच संध्याकाळी ताईबाईच्या नावानं कैरीच्या पन्ह्यात गूळ किती घालायचा ते सांगितलं होतं. बायका कालच्या पन्ह्याचे फोटो टाकत होत्या, आणि आज ही बाई भाद्रपदातच मेली म्हणे! लोक खवळले. कुणी तरी ताईंचं खातं चोरलंय. लाज वाटत नाही का, जित्या माणसाला हार घालायला? हिलाल घाबरला. "भाऊ, तुम्हीच सांगा त्यांना," म्हणाला. मग आबा सांगत गेले आणि हिलाल लिहीत गेला. मी तिचा नवरा आहे. मी एसटीत ड्रायव्हर होतो. ती सकाळी कपडे पिळताना गेली. माझ्या सुनेनं मायेपोटी उत्तरं दिली, तिचा दोष नाही. जन्मात बोलले नव्हते एवढं आबा त्या अनोळखी लोकांशी बोलले. हातापाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं.

आणि खाली एका बाईचं उत्तर आलं. ताईंनी आम्हाला शंभरदा सांगितलंय, त्यांचे मालक चार शब्दसुद्धा बोलत नाहीत. तू एवढा बोलतोस, म्हणजे तू चोरच. सगळ्यांनी तक्रार करा.

सगळ्यांनी केली. ताईबाईवर जीव होता ना लोकांचा! मेघा बाजारातून आली, पिशवी ठेवली, तोवर हिलालनं काढता पाय घेतला होता आणि आबा मोबाइल मांडीवर घेऊन बसले होते. तिनं तो घेतला. 'ताईबाईनी चूल' उघडेना. दोन ओळी आल्या, हे खातं बनावट असल्याच्या तक्रारीवरून बंद करण्यात आलं आहे.

मेघानं आरडाओरडा केला नाही. तिनं कुंदनला फोन लावला. कुंदन सुट्टी टाकून आला, लॅपटॉप घेऊन बसला. ज्यांच्याकडे चॅनल होतं त्या कंपनीकडून निरोप आला, की खातं ज्यांचं आहे त्यांनी स्वतः कॅमेऱ्यासमोर यावं आणि मान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे वळवावी. कुंदननं ते वाचलं आणि तो तोंड धुवायला उठून गेला. नंतर त्यानं मृत्यूचा दाखला पाठवला. त्याला कुणीच उत्तर दिलं नाही. त्याच्या ऑफिसातला एक जण म्हणाला, दाखला तेव्हाच, भाद्रपदातच कळवला असता, तर ते खातं गेलेल्या माणसाचं म्हणून तसंच जपून ठेवता आलं असतं, व्हिडिओसकट. आता बनावट म्हणून गेलं, ते परत मिळणं अवघड.

"मोबाइलमध्ये असतील की मूळचे," आबा म्हणाले.

"जागा पुरायची नाही, आबा," मेघा म्हणाली. "टाकले की मी इथून काढून टाकायचे. राहिलेलेही या महिन्यांत टाकून संपले. तिथं राहणारच होते ना." मग भांडी मांडता मांडता म्हणाली, "भाद्रपदात आई देवानं नेल्या. आता तुम्ही घालवल्या."

आबांनी ते ऐकून घेतलं. त्या दिवशी मेघा रडली. भाद्रपदापासूनचं सगळं रडली. भिंतीला टेकून, तोंडात पदर कोंबून. शेजारच्या बायका धावत आल्या, त्यांना वाटलं घरात आणखी कुणी गेलं. आबा ओट्यावर बसून होते. ताईबाईला लोकांच्या तावडीतून मोकळी करायची होती, ती झाली. असली मोकळीक कुणाला हवी होती? त्यांना आता रात्रंदिवस एकच आठवायचं, मिरच्या वाटता वाटता हसणारा तो चेहरा. शेकड्यानं व्हिडिओ होते, तेवढा एकच पाहिला. बाकीच्यांत ती काय बोलली? आणखी काय काय सांगितलं असेल जगाला? मेघाला विचारायची छाती होत नव्हती. विचारलं तर ती सांगेलही, पण ते तिच्या तोंडून येईल. ताईबाईचा आवाज कुठून आणणार?

आवाजाचं तर असं झालं, की आठवायला बसावं आणि हाती लागू नये. शब्द आठवत, आवाज नाही. चाळीस वर्षं जो आवाज घरात भरून होता, तो त्यांनी कधी नीट ऐकलाच नव्हता.

आखाजी आली. ऊन मी म्हणत होतं. कुंदनला सुट्टी मिळाली नाही. मेघानं पहाटे उठून ओटा सारवला, नवी घागर धुऊन भरली, गळ्याला सूत गुंडाळलं, वर डांगर ठेवलं. सांजोऱ्या तळल्या, पुरण घातलं, आंब्याचा रस काढला. सगळं ताईबाईच्या हातचं वाटावं इतकं नीटनेटकं. आबांनी निखाऱ्यावर तूप सोडलं. बापाचं नाव घेतलं, आजाचं घेतलं, आईचं घेतलं. मग बायकोचं. आयुष्यात त्यांनी तिला नावानं हाक मारली नव्हती. "ताईबाई, जेवाले ये," एवढंच ते म्हणाले. घास निखाऱ्यावर पडला, धूर वर गेला. रीतीप्रमाणे सगळं झालं. आता कुणी म्हणू शकत नव्हतं, की ती जिवंत आहे.

मेघानं त्यांचं पान वाढलं. बरेच दिवस ती कामापुरतंच बोलायची, आज तेही नाही. आबांनी पोळीचा तुकडा मोडला आणि तसाच हातात धरून बसले.

"मेघा."

"काय, आबा?"

"तू ते लोकांना लिहायचीस ना, तिच्यासारखं. तुला ऐकू यायचं म्हणालीस." आबा पानाकडे बघून बोलत होते. "मी विचारतो, कशी शे म्हणून. तू सांग. तिच्यासारखं सांग. एकदाच."

मेघा रसाचं पातेलं घेऊन उभी होती. तिनं त्यांच्याकडे पाहिलं. एवढा मोठा माणूस, पाटावर मान खाली घालून बसलेला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ओठ हलले.

"एकदाच, बेटा. कुणाले सांगणार नही मी."

"नाही, आबा," मेघा हळूच म्हणाली. "आई गेल्या."

आणि तिनं खाली वाकून त्यांच्या वाटीत रस वाढला.